'पूर्ण काम' लिहू नका : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन

माझं पहिलं कोटेशन बियाण्याच्या कंपनीच्या डायरीतल्या एका पानावर होतं. त्यावर एकच ओळ: 'गच्चीचे पूर्ण काम, ६ ब्रास, ५४,००० रुपये.' घर एका निवृत्त गुरुजींचं. जुना कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) फोडला, नवा केला, गळती थांबली. पण फोडलेल्या कोब्याचा मलमा दारासमोर दोन ट्रॉल्या पडून होता आणि आठ दिवसांवर गुरुजींच्या मुलीचं लग्न आलं होतं. मी म्हटलं, मलमा उचलायचे पैसे यात धरले नव्हते. गुरुजींनी चष्मा लावला, ते पान काढलं आणि 'पूर्ण' या शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द मी लिहिला का तू लिहिला?" ट्रॅक्टरचं भाडं माझ्या अंगावर आलं.

मिस्त्रीच्या हाताखालून निघून स्वतःची कामं घ्यायला लागलेली पोरं आजही असंच कोटेशन देतात. हात चांगला असतो, कागद कच्चा असतो. आपल्याकडे कवेलूची (कौलारू) घरं जाऊन स्लॅबची आली (माकडांनी कवेलू जागेवर राहूच दिले नाहीत, हेही एक कारण), आणि त्या स्लॅब आता जुन्या होऊन गळायला लागल्यात. कामाला तोटा नाही. एका साध्या गच्चीचं कोटेशन मी कसं बनवतो ते क्रमाने सांगतो.

पहिल्या दिवशी टेप काढू नका

आधी विचारा: "काकाजी, एप्रिल-मेमध्येही छताला ओल असते का?" असते म्हणाले, तर पाणी पावसाचं नाही. टाकीचा ओव्हरफ्लो, टाकीखालचा वाल्व्ह किंवा भिंतीतला पाइप गळतोय. टाकी दोन-चार दिवस रिकामी ठेवून पाहायला सांगा. नवा कोबा करूनही ती ओल जाणार नाही, आणि नाव तुमचं खराब होईल.

मग घरात जाऊन खालून छत पाहा. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोका. पोकळ आवाज येत असेल, पोपडे सुटून लोखंड दिसत असेल आणि सळी गंजून फुगली असेल, तर तिथे वॉटरप्रूफिंगचं कोटेशन द्यायचं नाही. 'आधी इंजिनिअरला दाखवा' असं कागदावर लिहून द्यायचं. काम हातचं जातं, मान्य आहे. पण अशा स्लॅबवर वरून वजन चढवलं तर पुढे जे होईल त्याला तुम्हीही जबाबदार.

आणखी एक प्रश्न हमखास राहतो: गच्चीवर काय काय करता? आपल्या खेड्यात गच्ची म्हणजे उन्हाळ्यात कुरड्या, पापड, सरगुंडे, नंतर मिरची, तूर, सोयाबीन, आणि रात्री झोपायची खाट. ज्या गच्चीवर फावड्याने तूर ओढली जाते, तिथे नुसतं केमिकल कोटिंग दोन हंगामही टिकत नाही, खरवडून निघतं. घरच्या बाईला विचारा. माणसाला बहुतेक वेळा माहीत नसतं.

परत निघताना गल्ली पाहून घ्या. ट्रॉली दारापर्यंत येते का? नसेल येत, तर रेती आणि विटांचे तुकडे टोपल्याने आणायला दोन रेजा (मजूर बाया) वाढल्या.

माप: ब्रास म्हणजे कोणता ब्रास?

निम्मी भांडणं या एका शब्दाची. क्षेत्रफळाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. रेती-गिट्टीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकाच कागदावर 'गच्ची ६ ब्रास' आणि 'रेती २ ब्रास' लिहिलं की ग्राहक त्यांची बेरीज-वजाबाकी करायला लागतो, आणि चूक त्याची नसते. मी ग्राहकाच्या कागदावर गच्ची नेहमी चौरस फुटात लिहितो. ब्रास माझ्या वहीत राहतो. सरकारी अंदाजपत्रकाची सवय असलेला कोणी चौरस मीटर मागेल, तर १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

आता उदाहरण. कठड्याच्या आतून गच्ची ३० फूट बाय २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. एका कोपऱ्यात जिन्यावरची खोली १० बाय ७, म्हणजे ७०. कोबा होणार ५३० चौरस फुटांवर. पण त्या खोलीचंही छत आहे, ते ७० फूट वेगळं लिहायचं, कारण तिथलं काम वेगळं आणि दरही वेगळा. त्याला कठडा नसतो, पाणी चारही बाजूंनी सुटतं आणि माल आणखी एक शिडी वर चढवावा लागतो.

गच्ची आणि उभी भिंत जिथे भेटतात, त्या कोपऱ्यातली गोलाई म्हणजे वाटा. ती धावत्या फुटात मोजतात. चारही बाजूंची बेरीज १०० फूट. खोली कोपऱ्यात असल्यामुळे परिघ तेवढाच राहतो, कागदावर काढून पाहा. जिन्याच्या दाराचे ३ फूट वजा, राहिले ९७. कठड्याच्या आतल्या बाजूने एक फूट उंचीपर्यंत वॉटरप्रूफ गिलावा चढवायचा, तो ९७ चौरस फूट. नवशिका नेमके हेच दोन आकडे विसरतो. गच्ची मधोमध क्वचित गळते, गळते ती याच कोपऱ्यांतून.

तडे स्लॅबवर खडूने खुणा करून मोजा आणि खुणा दिसतील असा फोटो ठेवा. पुढे 'हा तडा तेव्हा होता का' हा वाद त्या फोटोनेच मिटतो.

ढाळ, आणि त्याने गिळलेला उंबरठा

१०० ला १ ढाळ धरा. ३० फूट म्हणजे ३६० इंच, म्हणून पाणी उतरायच्या पाइपच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोबा ३.६ इंच चढतो. पाइपजवळ अडीच इंच जाडी ठेवली, तर पलीकडे सहा इंच झाली. सरासरी सव्वाचार धरली तरी माल जवळपास १९० घनफूट लागतो. 'तीन इंच कोबा' असं सरसकट लिहून दर काढणारा इथे बुडतो. कमी पडलेला माल भरून काढायला तो ढाळ कमी करतो, आणि मग गच्चीवर तळं साचतं.

याचं वजन चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास येतं, अख्ख्या गच्चीवर दहा टन. म्हणून जुना कोबा न फोडता त्यावरच नवा चढवायचा आग्रह कोणी धरला, तर मी हात जोडतो. नऊ-दहा हजार वाचवायला स्लॅबवर दुप्पट ओझं कशाला?

आता दाराकडे या. आपल्या उदाहरणात जिना उंच टोकाला आहे. जुना कोबा तीन इंच होता, नवा सहा इंच होणार, म्हणजे गच्चीची पातळी तिथे तीन इंच वर येणार. आजचा उंबरठा चार इंच असेल, तर नंतर एकच इंच उरेल. पहिल्याच धो-धो पावसात पाणी जिन्यातून घरात. उंबरठा एक थर चढवावा लागेल आणि दाराची फळी खालून कापावी लागेल. ही दोन्ही कामं कोटेशनमध्ये दिसली पाहिजेत, एक आपल्याकडे आणि दुसरं मालकाकडे. हा हिशेब मी कधी चुकवला ते सांगत नाही. आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

पद्धत कोणती, ते ग्राहकाला ठरवू द्या

गच्चीचा वापर जास्त असेल तर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून केलेला. वापर कमी, ढाळ आधीच चांगला आणि स्लॅब धडधाकट असेल तर कोटिंग. डांबरी शीट मी खेड्यात कमीच सुचवतो. शीटला जोड द्यायला बर्नरवर सराईत माणूस लागतो, आणि उघडी काळी शीट आपल्या मे महिन्यात तव्यासारखी तापते. कोणाला हवीच असेल, तर रोल १ मीटर बाय १० मीटरचा येतो, पण जोडाला १० सेंटिमीटर एकावर एक जातात. रोलमागे ९ चौरस मीटरच धरा.

कोटिंगचा हिशेब डब्यावरून करा, दुकानदाराच्या तोंडावरून नाही. डब्यावर दोन हातांत लिटरला २० चौरस फूट लिहिलं असेल, तर ५३० अधिक कठड्याचे ९७ असे ६२७ फुटांना साडेएकतीस लिटर लागेल. म्हणजे २० लिटरचे दोन डबे. कंपनी, मालाचं नाव आणि डब्यांची संख्या कोटेशनमध्ये लिहा आणि रिकामे डबे मालकाच्या ताब्यात द्या. दोन डबे सांगून दीड वापरणाऱ्यांनी आपला धंदा बराच बदनाम केला आहे.

दर कसा बसतो

१०० चौरस फुटांचा हिशेब वहीत मांडा. कोब्यावरचा एक इंचाचा १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) थर घेऊ. ओला माल ८.३ घनफूट. कोरड्यात तो एकतृतीयांशाने वाढतो, म्हणजे ११ घनफूट. त्याचा पाचवा भाग सिमेंट, म्हणजे २.२ घनफूट. ५० किलोच्या बॅगेत सव्वा घनफूट बसतं, म्हणून पावणेदोन ते दोन बॅगा आणि ९ घनफूट रेती. तळाचा थर आणि विटांच्या तुकड्यांमधला माल असाच काढा. मग वॉटरप्रूफिंग लिक्विड डब्यावरच्या प्रमाणाप्रमाणे, मिस्त्री-रेजांचे हजेरीचे दिवस, माल वर चढवण्याची मजुरी, वाहतूक, थोडी नासधूस आणि शेवटी तुमचा नफा. नफा लपवून रेतीच्या दरात घालू नका. रेतीचा भाव गावात सगळ्यांना माहीत असतो, तुमच्या मेहनतीचा नसतो.

२०२५ च्या २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचा हिशेब वहीत असेल तर तो नव्याने करा. आणि तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल, तर कोटेशनवर जीएसटीची ओळ टाकून पैसे घेता येत नाहीत. नोंदणी असेल, तर कर दरात धरलाय की वरून लागेल, ते स्पष्ट लिहा.

पाणी ही वेगळी ओळ आहे

विटांचे तुकडे आधी भिजवायला पाणी, कोब्याला दहा-पंधरा दिवस मारायला पाणी, आणि शेवटी पाणी भरून तपासायला पाणी. उंच टोकाला इंचभर पाणी उभं करायचं, तर आपल्या उदाहरणाच्या गच्चीत एका वेळेस साडेतीन हजार लिटर लागतं. काम होतं एप्रिल-मेमध्ये, नळ येतो आठवड्यातून दोनदा. टँकर कोण आणणार, हे कोटेशनमध्ये नसेल तर पाणी मारणं राहतं, कोब्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि बोल मिस्त्रीला लागतो.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात काम असेल, तर विहिरीचं-बोअरचं पाणी कालवायलाही नको आणि मारायलाही नको. आरसीसीच्या (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. कोबा आरसीसी नाही, हे खरं. पण त्यातलं मीठ झिरपून खालच्या सळ्यांपर्यंतच जातं. तिथे 'गोडं पाणी, टँकरने' ही ओळ मी ठळक लिहितो.

कागद

वर तुमचं नाव, तारीख, घरमालकाचं नाव, गाव. त्याखाली कामं. दर इथे फक्त गणित दाखवायला धरले आहेत, तुम्ही आपल्या तालुक्याचे घाला.

१. जुना कोबा फोडणे, ५३० चौ. फूट × १२ = ६,३६०
२. मलमा खाली उतरवून गावाबाहेर टाकणे, २ ट्रॉली × १,५०० = ३,०००
३. स्लॅबचे तडे व्ही आकारात कापून भरणे, ४५ धावते फूट × ४० = १,८००
४. ब्रिकबॅट कोबा, पाइपजवळ अडीच इंच, ढाळ १०० ला १, वर घोटाई करून फुटाफुटाच्या चौकटी, ५३० चौ. फूट × ८५ = ४५,०५०
५. वाटा, ९७ धावते फूट × ४५ = ४,३६५
६. कठड्याला आतून एक फूट वॉटरप्रूफ गिलावा, ९७ चौ. फूट × ४० = ३,८८०
७. जिन्यावरच्या खोलीचे छत, ७० चौ. फूट × ६० = ४,२००
८. चार इंची पाइपची तोंडे जाळीसह, २ नग × ९०० = १,८००
९. उंबरठा एक थर चढवणे, १ नग = ६००

एकूण ७१,०५५ रुपये.

माझ्या त्या डायरीच्या पानावर हीच गच्ची ५४,००० ला होती. वरचे सतरा हजार कुठे गेले? कुठेच नाही, ते काम अर्धं झाल्यावर 'हे त सांगतलंच नोतं भाऊ' या वाक्यातून निघाले असते, नाहीतर माझ्या अंगावर पडले असते. ग्राहक ७१ हजार पाहून दचकतो, हे खरं. तेव्हा रक्कम कमी करू नका, काम कमी करा. सातवी ओळ पुढच्या वर्षी करू म्हणा आणि ती खोडून ४,२०० वजा करून दाखवा. ओळी वेगळ्या असल्यामुळेच हे करता येतं.

प्रत्येक मापापुढे 'काम झाल्यावर प्रत्यक्ष मापाप्रमाणे' लिहा आणि टेप मालकाच्या हातात द्या. सगळे तडे तर कोबा फोडल्यावरच दिसतात, ते ४५ चे ७० होऊ शकतात. दर ठरलेला असला की मग वाद होत नाही.

त्याखाली 'यात धरलेले नाही' हे शीर्षक. माझ्या मते सगळ्या कागदात हाच भाग मोलाचा. आपल्या उदाहरणात तिथे येईल: पाणी आणि टँकर, दाराची फळी कापणे, घरातल्या छताचा गिलावा आणि रंग, पाण्याची टाकी हलवणे, कठड्याच्या बाहेरच्या बाजूचं काम, वीज. इतकं लिहिलं की मालक विचारतोच, "मंग टाकी कोन हलवन?" हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी निघाला, हेच हवं होतं.

पैसे, मुदत, हमी

आपल्याकडे पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावर येतो, आणि गच्चीचं काम उन्हाळ्यात निघतं. लोक दिवाळीनंतर कोटेशन मागतात आणि मेमध्ये 'तोच दर' म्हणतात. म्हणून 'हा दर १५ दिवसांसाठी' हे वरच लिहा, तळाला बारीक अक्षरात नाही. पावसाळ्यात रेतीचे घाट बंद असतात, तेव्हाचा भाव धरून उन्हाळ्याचं कोटेशन काढू नका, आणि उलटही नको.

हप्ते तारखेला बांधू नका, डोळ्याला दिसणाऱ्या टप्प्याला बांधा. मी असे घेतो: कामाला हात लावताना ३० टक्के, कोबा फोडून माल पडल्यावर ३०, घोटाई झाल्यावर ३०, पाणी भरून ४८ तास तपासल्यावर १०. शेवटचे दहा टक्के 'पाऊस पडल्यावर देतो' असं कोणी म्हणालं, तर मी नाही म्हणतो. मृग कोरडा गेला तर जुलै उजाडतो, आणि तोवर मालकाला भिंतीची ओलही गच्चीची वाटायला लागते.

हमी तोंडी देऊ नका. किती वर्षं, आणि कशाची: 'गच्चीच्या कोब्यातून व वाट्यातून होणारी गळती, दुरुस्ती मोफत'. आणि कशाची नाही: सोलर पॅनेल, डिश किंवा कूलरच्या स्टँडसाठी कोणी कोब्यात ड्रिल मारलं तर, पाइपची तोंडं लिंबाच्या पानांनी तुंबली तर, पाया हलून भिंतीला तडा गेला तर. हे शेवटचं काळ्या जमिनीवरच्या घरांत फार दिसतं. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घर तिच्याबरोबर हलतं, आणि भिंतीतून वर गेलेला तडा सिमेंटने कितीदा भरला तरी उघडतो. अशा तड्याची हमी द्यायची नाही, हे पाहणीच्या दिवशीच सांगा. सोलरचं आज बऱ्याच घरी चाललंय. ते बसवणार असतील, तर आधी स्टँडचे ओटे बांधून घ्या आणि मग कोबा करा. ओट्यांची ओळ कोटेशनमध्ये वाढवा.

कोटेशन देताना घरी बसून मोठ्याने वाचून दाखवा. लाज वाटते सुरुवातीला. पण घरातली म्हातारी माणसं ऐकत असतात आणि नेमका प्रश्न त्यांच्याकडूनच येतो: 'चुलीच्या धुराड्याचं काय?' धुराड्याभोवतीची गोलाई मी आजवर तीनदा विसरलोय. दोन प्रती करा, दोघांच्या सह्या घ्या आणि मोबाइलवर फोटो पाठवून ठेवा. मध्येच काम वाढलं, तर आधी त्याची दोन ओळींची चिठ्ठी, मालकाची सही, आणि मग घमेलं उचला. चिठ्ठीला कागद नसेल तर सिमेंटची रिकामी बॅग फाडून त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूला लिहिलेलंही मला चाललंय. सही आणि तारीख तेवढी असली म्हणजे झालं.